वेगवेगळ्या देशांत खाण्यापिण्याच्या पद्धती किती बदलतात? प्रवासाला निघण्यापूर्वी काय माहीत असावं?

तुम्ही लिहिलंय की पहिल्यांदाच तीन-चार देशांच्या प्रवासाला निघताय, ‘हे करा, ते टाळा’ अशा याद्या वाचून डोकं भणभणलंय आणि त्यातलं खरोखर उपयोगी काय ते कळत नाहीये. मी गेली बारा-तेरा वर्षं कामासाठी आणि हौसेनेही बरीच फिरले. तशा याद्या मीही पाठ केल्या होत्या. त्यातलं पुष्कळसं विसरलात तरी चालेल. काटा कोणत्या हातात धरला म्हणून परक्या पाहुण्याला कोणी धारेवर धरत नाही. माझं अडलं ते नेहमी त्याच त्या ठिकाणी: जेवणाची वेळ, पाणी, आणि सगळ्यात जास्त म्हणजे ‘आता पुरे’ हे कसं सांगायचं.

आधी वेळ. माद्रिदला पहिल्या संध्याकाळी मी सात वाजता जेवायला बाहेर पडले आणि एकामागून एक बंद दारं बघत फिरले. स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोन ते साडेतीनच्या सुमारास होतं आणि रात्रीचं नऊनंतर. यामागे घड्याळाचाही हात आहे. 1940 साली स्पेनने आपली घड्याळं मध्य युरोपच्या वेळेला जुळवली आणि ती आजवर तशीच आहेत, त्यामुळे सूर्याच्या मानाने तिथलं घड्याळ पुढेच धावतं. तिथलं दुपारचं जेवण हेच दिवसाचं मोठं जेवण. ‘मेनू देल दिया’ म्हणून ठरलेल्या किमतीत दोन पदार्थ, पाव, आणि बहुतेक वेळा गोड पदार्थ किंवा पेय मिळतं. पोटभर आणि स्वस्तात जेवायचं तर ते दुपारीच. फ्रान्सच्या लहान गावांत उलटा प्रकार: बारा ते दोन या वेळेत टेबल गाठलं नाही तर स्वयंपाकघर बंद होतं आणि संध्याकाळी सातपर्यंत उघडत नाही. नॉर्वेत घरचं मुख्य गरम जेवण चार ते सहाच्या दरम्यानच उरकतं. म्हणून मुक्कामी पोहोचल्यावर मी पहिला प्रश्न विचारते तो ‘इथे चांगलं काय मिळतं’ हा नाही, तर ‘इथली माणसं किती वाजता जेवतात’ हा. त्या वेळेला गेलं की ताजं मिळतं आणि जागा गजबजलेली असते. अवेळी उघडी असणारी ठिकाणं बहुधा फक्त पर्यटकांसाठी चालतात आणि तिथलं जेवण क्वचितच चांगलं असतं, असा माझा अनुभव आहे.

पाण्याबद्दल थोडक्यात. फ्रान्समध्ये ‘कराफ दो’ म्हणा, जेवणाबरोबर नळाचं पाणी फुकट मिळतं, नुसतं ‘पाणी’ म्हणालात तर विकतची बाटली येऊ शकते. जर्मनीत नुसतं ‘वासर’ मागितलं तर बहुतेकदा बुडबुड्यांचं पाणी येतं, साधं हवं असेल तर ‘श्टिल’ म्हणायचं. अमेरिकेत बसल्याबसल्या बर्फाने भरलेला ग्लास समोर येतो. चीनमध्ये याच्या अगदी उलट, लोक गरम पाणी पितात आणि रेल्वेगाड्यांत, स्थानकांवर उकळत्या पाण्याचे नळ असतात. थर्मास सोबत ठेवला तर तिथे फार सोय होते. जिथे नळाचं पाणी पिण्याजोगं नाही तिथे लोक बाटलीचं पाणी पितात खरे, पण बर्फ विसरतात, कच्चं सॅलड विसरतात आणि दात घासताना तेच नळाचं पाणी तोंडात घेतात. ओआरएसची पाकिटं बॅगेत असूच द्या.

आता ‘पुरे’कडे येते, कारण याबद्दल कोणी नीट सांगत नाही आणि ओशाळं व्हायची वेळ इथेच येते.

आपण ताट स्वच्छ केलं, पेला रिकामा केला म्हणजे ‘माझं झालं’ असं कळेल, हे आपण गृहीत धरतो. कोरियात माझा पेला रिकामा झाला की शेजारचे सहकारी लगेच भरत होते, आणि मी सौजन्य म्हणून तो पुन्हा संपवत होते. तिसऱ्या फेरीनंतर एका बाईंनी हळूच सांगितलं, ‘नको असेल तर भरलेला राहू द्या.’ तिथे स्वतःचा पेला स्वतः भरत नाहीत, दुसऱ्याने भरायचा आणि आपण दुसऱ्याचा. मोठ्या माणसाला ओतताना दोन्ही हात लावायचे, त्यांच्यासमोर पिताना तोंड जरा बाजूला वळवायचं. जेवायला सुरुवातही वडीलधाऱ्यांनी चमचा उचलल्यावर. जपानमध्येही एकमेकांचे पेले भरतात, पण अर्धा पेला दिसला तरी वर भरतात. कोरियात रिकामा होईपर्यंत थांबतात. ‘पुरे’ म्हणायची खूण मात्र दोन्हीकडे एकच: भरलेला पेला तसाच ठेवायचा.

आखाती देशांत अरबी कॉफी कान नसलेल्या छोट्या कपात येते, जेमतेम पाव-तृतीयांश भरलेली. कमी दिली असं वाटून घेऊ नका. काठोकाठ भरलेला कप म्हणजे ‘प्या आणि निघा’ असा जुना संकेत आहे, आणि थोडी-थोडी देत राहणं म्हणजे ‘बसा’. कप उजव्या हाताने घ्यायचा आणि उजव्याच हाताने परत करायचा. थांबायचं असेल तेव्हा मनगटाने कप दोन-तीनदा डावी-उजवीकडे हलवायचा. नुसता परत दिला तर पुन्हा भरून येतो. ही कॉफी युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत 2015 साली गेली, पण तिथल्या बैठकीत बसल्यावर जाणवतं ते एवढंच की बोलायची गरज पडू नये म्हणून केवढी छान सोय करून ठेवली आहे.

इथिओपियात ‘पुरे’ म्हणायची मुभाच नसते, निदान पहिल्या दोन कपांना तरी. कॉफीचे दाणे समोर भाजतात, कुटतात, आणि एकाच भुकटीवर तीन फेऱ्या निघतात: अबोल, तोना, बरका. ‘बरका’ म्हणजे आशीर्वाद. तो न घेता उठणं बरं दिसत नाही, म्हणून तासभर तरी हाताशी ठेवूनच बसावं. जेवताना कोणी इंजेराचा, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या पिठाच्या मऊ भाकरीचा, घास स्वतःच्या हाताने तुमच्या तोंडाशी आणला तर बिचकू नका. त्याला ‘गुर्शा’ म्हणतात आणि तो मायेने दिलेला असतो.

इराणमध्ये शब्द आणि अर्थ यांच्यात आणखी अंतर पडतं. ‘तारोफ’ नावाचा तिथला शिष्टाचार असा की यजमान आग्रह करतो, पाहुणा नाही म्हणतो, यजमान पुन्हा आग्रह करतो. पहिल्या ‘हो’ला किंवा ‘नाही’ला कोणी खरं मानत नाही. आपण पैसे देताना दुकानदारही ‘काबेल नदारे’, म्हणजे ‘तुमच्यापुढे याची काय किंमत’, असं म्हणतो. ते ऐकून आभार मानून निघायचं नाही. पैसे पुढे करत राहायचे, तो घेतोच.

चीनमध्ये मेजवानीला ताटल्या पार रिकाम्या झाल्या तर यजमानाला वाटे की जेवण कमी पडलं, म्हणून थोडं उरवणं ही जुनी रीत. पण 2021 साली तिथे अन्नाच्या नासाडीविरुद्ध कायदा झाला आणि भरमसाट उरवणाऱ्यांकडून हॉटेलला जादा पैसे घेण्याची मुभा मिळाली. मी दोन्ही सांभाळते: मागवतानाच बेताने मागवते आणि उरलेलं बांधून घेते. हाँगकाँगमध्ये कोणी चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक केलं म्हणजे आभार मानले. किटली रिकामी झाली की झाकण तिरपं ठेवायचं, न सांगता ती भरली जाते.

जॉर्जियाचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे पिणं हे बोलण्याच्या पाठीमागून येतं. ‘सुप्रा’ म्हणजे मेजवानी, तिचा एक ‘तमादा’ असतो. तो उठून शांततेसाठी, गेलेल्यांसाठी, मुलांसाठी, पाहुण्यांसाठी बोलतो आणि मग सगळे पितात. मधेच आपल्याला तहान लागली म्हणून वाइनचा घोट घ्यायचा नाही. मी दारू फारच थोडी घेते, पण प्रत्येक वेळी पेला उचलून नीट ऐकलं आणि ओठाला लावला, तेवढ्याने कोणी राग धरला नाही. गेलेल्यांची आठवण काढताना मात्र अख्खं टेबल गंभीर होतं. त्या वेळी मोबाइल बाहेर काढू नका, मनापासून सांगते.

जपानी चॉपस्टिक्सचे दोन नियमही याच कारणाने पाळावेत. भातात त्या उभ्या खोचायच्या नाहीत आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही. पहिलं मृताला दाखवल्या जाणाऱ्या भातासारखं दिसतं, दुसरं दहनानंतर अस्थी उचलताना करतात तसं. बाकी नूडल्स सुरसुर आवाज करत खाल्ल्या तरी तिथे कोणाला काही वाटत नाही.

हॉटेलात ‘पुरे’ म्हणजे बिल. अमेरिकेत जेवण संपता-संपता वेटर आपण होऊन बिल ठेवतो. त्यात हाकलण्याचा भाव नसतो. फ्रान्स, इटली, स्पेनमध्ये तुम्ही मागेपर्यंत बिल येतच नाही, कारण न मागता ते आणणं म्हणजे पाहुण्याला उठवणं. तासभर ताटकळून चिडलेले प्रवासी मी पाहिलेत, आणि ते ज्याला दुर्लक्ष समजत होते तो तिथला आदर होता. हात किंचित वर करून मागा. टिपेचं गणितही निरनिराळं. अमेरिकेत 18-20 टक्के टिप ही ऐच्छिक म्हणवली तरी वेटरचा खरा पगार तीच असते. टिप मिळणाऱ्या कामगारांचं केंद्रीय किमान वेतन 1991पासून ताशी 2.13 डॉलरवरच आहे, काही राज्यांत जास्त आहे एवढंच. तिथे टिप न देणं म्हणजे एखाद्याची मजुरी बुडवणं, असं मी मानते. फ्रान्समध्ये सेवेचा आकार किमतीतच धरलेला असतो. जपानमध्ये टिप ठेवलीत तर ‘पैसे राहिले’ म्हणून कोणी मागे धावत येईल. इटलीत ‘कोपेर्तो’ आणि जपानच्या इझाकायात, म्हणजे तिथल्या साध्या मद्यालयात, न मागवताच समोर येणारी ‘ओतोशी’ नावाची छोटी वाटी, हे बिलात दिसलं तर फसवणूक समजू नका, ती तिथली बसण्याची किंमत आहे. इटलीत कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायली तर बसून पिण्यापेक्षा बरीच स्वस्त पडते. आणि तिथे ‘लाते’ मागितलं तर नुसतं दूध येतं.

तुम्ही शाकाहारी आहात का ते लिहिलेलं नाही. मी आहे, म्हणून सांगते. ‘मांस नको’ हे वाक्य फार कमी ठिकाणी पुरतं. स्पेनमध्ये भाजीच्या पदार्थात हॅमचे तुकडे असू शकतात आणि ते ‘मांसात’ धरले जात नाहीत. जपानमध्ये साध्या भाजीच्या रश्श्यातही वाळवलेल्या बोनिटो माशाचं पाणी असतं, थायलंडमध्ये माशाचा सॉस. इटलीच्या पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, असतं. म्हणून ‘काय नको’ याची पूर्ण यादी त्या भाषेत कागदावर लिहून न्या आणि रस्सा कशाचा आहे हे वेगळं विचारा. त्याहून चांगलं म्हणजे तिथल्याच उपासाचा शब्द शोधणं. इथिओपियात बुधवारी आणि शुक्रवारी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक मांस, दूध, अंडी खात नाहीत. ‘त्सोम’ म्हटलं की एकाच इंजेरावर डाळी-भाज्यांचे आठ-दहा प्रकार येतात, इतकं पोटभर जेवण मला युरोपात कुठे मिळालं नाही. थायलंडमध्ये पिवळ्यावर लाल अक्षरांतली ‘जे’ या थाई शब्दाची पाटी दिसली की आत मांस-मासे नाहीत. इस्रायलमध्ये कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या आहारनियमांप्रमाणे चालणाऱ्या, दुग्धाहारी रेस्टॉरंटात मांस असूच शकत नाही, मासे असू शकतात. ॲलर्जी असेल तर युरोपीय संघातल्या देशांत 14 ठरावीक घटकांची माहिती देणं हॉटेलांना बंधनकारक आहे, बेलाशक विचारा.

कायद्याच्या गोष्टी मात्र निघण्याआधी तपासाच, तिथे सौजन्य उपयोगी पडत नाही. कुवेतमध्ये दारू बाळगणंसुद्धा गुन्हा आहे, आणि रमजानमध्ये दिवसा चारचौघांत खाणं-पिणंही. सिंगापूरच्या मेट्रोत पाण्याचा घोट घेतला तरी दंड होऊ शकतो. श्रीलंकेत पौर्णिमेला, म्हणजे ‘पोया’ला, दारूविक्री बंद असते. स्वीडनमध्ये 3.5 टक्क्यांवरची दारू विकत घेऊन न्यायची तर ती जवळपास फक्त सरकारी दुकानातच मिळते आणि ते रविवारी बंद. रोममध्ये ‘स्पॅनिश स्टेप्स’ या प्रसिद्ध पायऱ्यांवर बसायला 2019पासून मनाई आहे, म्हणजे हातात सँडविच घेऊन टेकायची जागा आधीच दुसरी शोधा.

एक शेवटचं, आणि हे मी प्रत्येक देशासाठी न चुकता पाठ करते: रांधणाऱ्याला काय म्हणायचं. जपानीत जेवण झाल्यावर ‘गोचिसोसामा’. तुर्कीत ‘एलिनिझे साऽलिक’, म्हणजे तुमच्या हातांना आरोग्य लाभो. फारसीत ‘दस्ते शोमा दर्द नकोने’, तुमचा हात न दुखो. अरबीतही हात सलामत राहोत असंच म्हणतात. तुर्कीतल्या एका लहानशा घरगुती मुक्कामात मी हे वाक्य अडखळत म्हटलं, तेव्हा दोन दिवस फक्त मानेने बोलणाऱ्या आजी ओल्या हातांनीच बाहेर आल्या, माझ्या समोरची खुर्ची ओढून बसल्या आणि दोघींसाठी चहा मागवला. भाषा एकमेकींना येत नव्हती, तरी तो चहा तासभर चालला.

कोणत्या देशांना आणि कोणत्या महिन्यात जाताय ते कळवा, तिथलं नेमकं माहीत असेल ते लिहीन.