मॅडम, विषय ‘पाणी’ आहे अन् मला काहीच सुचंना गेलंय

लातूरला मी समुपदेशन करते. माझ्याकडे येणाऱ्या आया बहुतेक वेळा पोरांच्या परीक्षेवरून येतात. मेडिकलच्या प्रवेशाची नीट, परत नीट, तिसऱ्यांदा नीट. त्यामुळे या ताई समोर बसल्या आणि “फोटोचं लई टेन्शन आलंय” म्हणाल्या, तेव्हा मला वाटलं हॉल तिकिटावरच्या फोटोचा काहीतरी घोळ झालाय. अर्ज दुरुस्त करायची मुदत असते, असंही मी सांगून टाकलं. त्या हसल्या. मग डोळे पुसायला लागल्या.

(त्यांची परवानगी घेऊनच हे लिहितेय. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही, म्हणून नुसतं ‘ताई’.)

प्रकार असा होता. एका ग्रुपमध्ये दर महिन्याला फोटोंचं चॅलेंज असतं. एक तारखेला विषय जाहीर होतो, एखादाच शब्द: दार, वाट, पिवळा. फोटो त्याच महिन्यात काढलेला हवा, जुना चालत नाही. माणशी एकच. कडा कापल्या, उजेड कमी-जास्त केला तर चालतं, पण नसलेलं काही घालायचं नाही. अठ्ठावीस तारखेपर्यंत पाठवायचा, मग सगळ्यांनी मतं द्यायची आणि पहिल्या तिघांची नावं लागायची. पोरगी शिकायला पुण्याला गेली, घर रिकामं झालं, तेव्हा भाचीनं त्यांना त्यात घातलं. पहिले दोन महिने मजेत गेले. सातव्या महिन्यात त्या माझ्याकडे आल्या, कारण वीस तारीख उलटली की छातीत धडधडायचं, रात्री दोनला जाग यायची, आणि त्या अंधारात बाकीच्यांचे फोटो बघत बसायच्या.

“त्यांच्याकडं हिमालय हाय, समुद्र हाय. माझ्याकडं काय हाय? गच्ची अन् दोन निळे ड्रम. सात महिन्यांत एकदाबी नंबर नाही. सोडून द्यावं का मी?”

हा प्रश्न मला वेगवेगळ्या रूपात बऱ्याचदा ऐकायला मिळतो. कुणी हार्मोनियमचा क्लास लावलेला असतो, कुणी रोज पळायला जातो, कुणी कविता लिहितो. हौसेनं धरलेली गोष्ट मानगुटीवर बसते, आणि माणूस विचारतो, सोडू का?

मी पहिल्या भेटीत चूक केली, ती सांगते. धडधड आणि जागरण ऐकून मी म्हटलं, एखादा महिना ग्रुपमधून बाहेर राहा. पंधरा दिवसांनी आल्या त्या आणखी उतरलेल्या. झोप लागत होती, पण दुपारभर पडून होत्या. फोटोच्या निमित्तानं त्या सकाळी गंजगोलाईच्या बाजारात जायच्या, भाजीवाल्यांशी बोलायच्या, येताना चालत यायच्या. मी ओझं काढायला गेले आणि घराबाहेर पडायचं एकुलतं एक कारणही काढून घेतलं. उदास माणसाला थोडंफार हलतं ठेवणं ही आमच्या उपचारातली साधी, जुनी रीत आहे. ती मला माहीत नव्हती असं नाही. घाई केली, दुसरं काय.

आधी एक गोष्ट तपासून घेतली. सलग दोन आठवड्यांहून जास्त मन कशातच लागत नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, जगणं नको वाटत असेल, तर तो मामला फोटोचा राहत नाही. मानसोपचार डॉक्टरांना दाखवावं लागतं. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर फुकट आहे. ताईंचं तिथवर गेलेलं नव्हतं.

मग मी चॅलेंजचं सोडून घरातलं विचारलं. पोरीची दोन वर्षं कशी गेली? त्या अशा सुटल्या की पाऊण तास मला बोलायला जागा मिळाली नाही. ट्यूशन एरियातली खोली, रविवारची टेस्ट, सोमवारी मोबाईलवर येणारी रँक. १८० प्रश्न, ७२० गुण, चुकलं की एक गुण वजा. ४८० पासून ५९० पर्यंतचा एकेक आकडा तारखेसकट पाठ. कोणत्या टेस्टच्या आदल्या रात्री पोरगी जेवली नव्हती हेही. बोलता बोलता त्यांनी पिशवीतून वही काढली आणि मी बघतच राहिले. पोरीच्या टेस्टचा तक्ता होता त्याच वहीत, दहा पानं सोडून, फोटोंचा तक्ता होता. महिना, विषय, आपली मतं, पहिल्या नंबराची मतं, फरक. लाल पेनानं.

सतत टेस्ट घेऊन पोरं घडवायचा लातूर पॅटर्न म्हणतात, तो नुसता पोरांना लागत नाही, घराला लागतो.

लिऑन फेस्टिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली मांडलं होतं की स्वतःला जोखायला पक्कं माप हाताशी नसलं की माणूस दुसऱ्यांकडे बघून स्वतःची किंमत ठरवतो. नीटला ७२० चं माप तरी आहे. फोटोला कसलं माप? म्हणून ताईंनी मतं हेच माप धरलं, आणि ज्याला हिमालय दिसतो त्याच्याशी गच्चीवरून बरोबरी सुरू केली. मी त्यांना फेस्टिंगर सांगितला नाही, इथं सांगतेय. त्यांना एवढंच विचारलं, “तुम्ही पाठवता ती टेस्ट कुणाची आहे?” त्या गप्प राहिल्या, वही मिटली आणि “चहा मिळंल का?” म्हणाल्या.

त्या महिन्याचा विषय होता पाणी. ताईंच्या डोक्यात जायकवाडी होतं, नाथसागराच्या कडेला सूर्य बुडताना. पैठण गाठायला गाडी करावी लागणार, नवरा म्हणणार एका फोटोसाठी? झालं, भांडण. मी म्हटलं पैठण राहू द्या. दोनच कामं करा. दहा तारखेपर्यंत ग्रुपमधले फोटो उघडायचे नाहीत. आणि ‘पाणी’ म्हटलं की तुमच्या घरातलं काय आठवतं, त्याच्या दहा ओळी लिहा. छान लिहायचं नाही, किराण्याच्या यादीसारखं.

यादी आली. पहिल्या तीन ओळी शाळेच्या निबंधातल्या, पाणी हेच जीवन वगैरे. चौथीपासून लातूर सुरू झालं. नळ आला की शेजारीण भिंतीवर वाटी वाजवते. नळाची तारीख ड्रमवर खडूनं. २०१६ साली मांजरा धरण आटलं, तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिली गाडी १२ एप्रिलला, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टाक्यांभोवती जमावबंदी होती, आणि पोरगी तेव्हा रांगेत घागरीवर बसून पाढे म्हणायची. नववी ओळ फक्त इतकी: सासूबाईंची काठी.

“ही काय भानगड?”

“काय नाही ओ. सासूबाई ड्रममध्ये काठी बुडवून बघतेत, किती उरलंय ते. आता नळ बरा येतो, तरी रोज सकाळी बघतेत. सवय.”

त्या काठीपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. कशाची आहे? वेताची, सासऱ्यांची. किती बुडते? कोपरभर. बाहेर काढली की? ओल्या भागाचा रंग गडद होतो, आणि उन्हात दोन-तीन मिनिटांत ती खूण खाली सरकत सरकत जाते. हे सांगताना त्यांचा हात आपोआप हवेत काठी धरल्यासारखा झाला होता. मी फोटोग्राफर नाही, पण फोटो तिथं होता एवढं मलाही कळलं.

पुढचे सात दिवस एकच जागा, एकच वेळ, रोज एक फोटो, असं ठरलं. पहिल्या दिवशी सासूबाईंनी पदर नीट करून कॅमेऱ्याकडे बघितलं, म्हणजे सगळं लग्नाच्या अल्बमसारखं. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यामुळे सगळं पांढरं. चौथ्या दिवशी भाचीनं फोनवर सांगितलं की पडद्यावर काठीच्या ओल्या टोकाला बोट लाव आणि उजेड खाली ओढ. पाचव्या दिवशी सासूबाईच म्हणाल्या, माझं थोबाड कशाला, हात घे. तो फोटो मी बघितलाय. सुरकुतलेली मूठ, अर्धी ओली काठी, मागं निळा ड्रम पुसटसा, त्यावर खडूची तारीख.

मधे एक कटकटही झाली. ताईंनी टँकरपाशी एका बाईचा फोटो न विचारता काढला आणि त्या बाईनं चारचौघांत झापलं. ताई रडवेल्या होऊन मला फोन करत होत्या. मी त्या बाईच्या बाजूनं बोलले. पाण्याला उभं असलेल्या माणसाला आपला विषय करायचा तर आधी विचारावं लागतं, आणि नाही म्हटलं की फोन खाली. त्यांनी फोटो पुसला. दुसऱ्या दिवशी जाऊन तसं सांगूनही आल्या.

काठीला किती मतं पडली? अकरा. नंबर आला धुक्यातल्या कुठल्याशा तळ्याला. ताई चिडल्या होत्या आणि मी त्यांना चिडू दिलं. मतं नकोतच असं खोटं कशाला बोलायचं? लाल पेनाचा तक्ता अजून चालू आहे. फक्त आता त्यात एक रकाना जास्तीचा आहे, ‘कुठं सापडला’. त्यात गच्ची, गंजगोलाई, दूध घालायला येणाऱ्याची सायकल असं भरलेलं असतं. धडधड अठ्ठावीसच्या आसपास थोडी होते म्हणतात. रात्री फोन स्वयंपाकघरात, डब्यांच्या मागं ठेवतात. ही युक्ती त्यांचीच.

परवा पुढची तारीख ठरवत होतो. मी सांगितलेला दिवस त्यांनी कॅलेंडरवर बघितला आणि लगेच मान हलवली.

“त्या दिवशी येळवस हाय मॅडम. शेतात जायचंय. पांडवांना चुना लावायचाय, भज्जी, आंबील, उंडे, सगळं माझ्यावरच.”

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. आमच्याकडे त्या दिवशी शेतात कडब्याची कोपी करून आत पांडव पूजतात आणि तिथंच जेवतात.

“आणि विषय काय आहे या महिन्याचा?” मी विचारलं.

“लाल,” त्या म्हणाल्या, आणि पिशवी उचलता उचलता थांबल्या. “कोपीवर टाकायची शाल लाल असती आमची.”