तिरकं, जाड आणि चौकोनी पायाचं: हे अक्षर वापरायचं कुठे?

प्रश्न: एका स्पर्धेचं पोस्टर आणि सोबतची माहितीपुस्तिका मी करतेय. दोन्हीकडे एकच बोल्ड इटॅलिक स्लॅब सेरिफ फॉन्ट लावलाय. पोस्टरवर तो झकास दिसतो, पण पुस्तिकेत परिच्छेदांना लावला की पान अंगावर येतं. फॉन्ट तोच असून असं का होतं?

उत्तर: फॉन्ट अजिबात बदलू नका, चांगला निवडलाय. पुस्तिकेत त्याला जे काम दिलंय ते तेवढं बदला. स्लॅब सेरिफ, म्हणजे ज्याच्या अक्षरांना वर-खाली पट्टीसारखे जाड चौकोनी पाय असतात तो प्रकार, तो जन्मालाच आला जाहिरातीसाठी. 1815 च्या सुमारास लंडनमध्ये छपाईची अक्षरं बनवणाऱ्या व्हिन्सेंट फिगिन्सने असे टाइप विकायला काढले, कारण पुस्तकांच्या नाजूक अक्षरांना भिंतीवर कोणी बघत नव्हतं, तिथे लांबून दिसेल असं काहीतरी दणकट हवं होतं. इटॅलिकचं, म्हणजे तिरक्या अक्षराचं, घराणं बरोबर उलटं. 1500 च्या आसपास व्हेनिसमध्ये आल्डस मॅन्युशियसच्या छापखान्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोने ते कोरलं, हाताच्या भरभर लिहिण्यावरून, छोट्या आकाराच्या पुस्तकांसाठी. म्हणजे एक पाय रोवून उभं राहणारं आणि दुसरं पळणारं, आणि तुमच्या फॉन्टमध्ये ही दोन्ही एकाच अक्षरात कोंबलीयेत, वर बोल्डचं वजन. मला हा प्रकार आवडतो तो या ओढाताणीमुळेच. अक्षर जोरात पुढे निघालंय पण तोल जात नाही, म्हणून खेळ, शर्यत, सेल, मासिकाचं कव्हर असल्या ठिकाणी ते इतकं शोभतं.

पण हीच ओढाताण लहान आकारात त्रास देते. छोटा 'एन' झूम करून बघा. सरळ स्लॅबमध्ये त्याच्या दोन्ही पायांना दोन्हीकडे पट्ट्या असतात, बोल्ड केलं की आतल्या दोन पट्ट्या एकमेकींना भिडायला येतात आणि मधली पांढरी फट जवळजवळ संपते. चांगला डिझाइनर इटॅलिक काढताना आतल्या पट्ट्या छाटतो आणि शेवटच्या पायाला उजवीकडे एक छोटासा फटकारा ठेवतो, त्यामुळे जरा श्वास मिळतो. तरी 'ए', 'ई', 'एस' यांच्या आतल्या पोकळ्या दहा पॉइंटच्या लहान आकारात बुजतातच, आणि डोळा वाचतो तो या पांढऱ्या जागांच्या जिवावर, त्या गेल्या की ओळ म्हणजे नुसता काळा पट्टा.

म्हणून पुस्तिकेत परिच्छेद त्याच फॉन्ट-कुटुंबातल्या रेग्युलरमध्ये, म्हणजे साध्या सरळ अक्षरात, लावा आणि बोल्ड इटॅलिक मथळे, मोठे आकडे, एखादं उचलून दाखवायचं वाक्य एवढ्यालाच ठेवा. दोन-पाच शब्द, मोठा आकार, बास. परिच्छेदात मधेच एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असेल तर नुसतं बोल्ड किंवा नुसतं इटॅलिक पुरतं. गडद रंगावर पांढरी अक्षरं छापणार असाल तर हलकं वजन घेऊ नका, छपाईत आजूबाजूची शाई अक्षरांत पसरते आणि पांढऱ्या रेघा अजून बारीक होतात. आणि हो, बोल्ड इटॅलिक शब्दानंतरचं प्रश्नचिन्हही बोल्ड इटॅलिकच ठेवा, नाहीतर तिरक्या अक्षराचं डोकं सरळ चिन्हावर आदळतं.

प्रश्न: माझ्याकडे स्लॅबची फक्त रेग्युलर फाइल आहे. सॉफ्टवेअरमध्ये बी आणि आय ही बटणं दाबली की बोल्ड इटॅलिक येतंच, मग वेगळी फाइल कशाला?

उत्तर: येतं ते नकली असतं. सॉफ्टवेअर कडेने जाडी वाढवतं आणि अख्खं अक्षर यांत्रिकपणे कलतं करतं, डोळ्याला काय दिसेल याचा विचार त्यात नसतो. 'ओ' मोठा करून बघा, वर उजवीकडे आणि खाली डावीकडे रेघ फुगलेली दिसेल, उरलेल्या दोन कोपऱ्यांत रोडावलेली. हाताने काढलेल्या इटॅलिकमध्ये हे सगळं दुरुस्त केलेलं असतं. इटॅलिकमध्ये छोट्या 'ए'चं रूप बदललं की नाही एवढ्यावरून मात्र अस्सल-नकली ठरवू नका, कारण रॉकवेलसारख्या 1934 च्या भौमितिक स्लॅबचं अस्सल इटॅलिकसुद्धा मुळात कललेलं सरळ अक्षरच आहे. 'ओ' बघा, तो खोटं बोलत नाही.

फॉन्ट घेण्याआधी कुटुंबात काय काय आहे तेही तपासा, कारण स्लॅबमध्ये इटॅलिक नसणं अगदी कॉमन आहे. 1845 चा क्लॅरेंडन हा स्लॅब एवढा गाजला पण पारंपरिक क्लॅरेंडनला इटॅलिकच नाही, ती उणीव भरायला 2009 मध्ये सेंटिनेल हा फॉन्ट आला. रोबोटो स्लॅबलाही इटॅलिक नाही. फुकटात हवं असेल तर आर्वो आणि झिला स्लॅब या दोघांत खरं बोल्ड इटॅलिक मिळतं. वेबसाइटवर लावताना सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, फॉन्ट-सिंथेसिस (font-synthesis) 'नन' (none) करून ठेवा, म्हणजे फाइल लोड करायची राहिली असेल तर ब्राउझर गुपचूप नकली बनवणार नाही आणि तुम्हाला लगेच कळेल.

प्रश्न: इंग्रजी मथळा बोल्ड इटॅलिक स्लॅबमध्ये आहे, त्याखालचा मराठी मथळाही तिरका करू का?

उत्तर: नको. देवनागरीत इटॅलिकची अशी परंपरा नाही, बहुतेक फॉन्टमध्ये ती फाइलच नसते, त्यामुळे तिरकं केलं की शिरोरेषा आडवी राहते आणि तिच्याखाली काने-वेलांट्या वाऱ्याने झुकल्यासारख्या दिसतात. मराठी सरळच ठेवा, फक्त जाड वजनाची, शक्यतो रेघेची जाडी सगळीकडे सारखी असलेली घ्या, म्हणजे स्लॅबच्या वजनाशी मेळ बसेल. आकार नजरेने जुळवा, दोन्हीकडे पॉइंट साइज एकच ठेवली तर देवनागरी बहुतेक वेळा लहान वाटते.