कोणतं दुर्मिळ नाणं एकदा तरी प्रत्यक्ष पाहावं?

माझं उत्तर एकच: शिवराई होन. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा शिवाजी महाराजांनी पाडलेलं सोन्याचं नाणं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांची कड. वजन जेमतेम पावणेतीन ग्रॅम, म्हणजे हातात घेतलं तर शर्टाच्या बटणाएवढं वाटेल! पण आजूबाजूच्या सत्ता फारसी मजकुराची नाणी पाडत असताना या नाण्यावर देवनागरी अक्षरं उमटली, संग्राहक वेडे होतात ते त्यापायी.

अस्सल होन फार थोडे उरले आहेत. बरेचसे पुढे वितळवले गेले असणार. सोन्याचं नाणं अडीअडचणीला सोनाराकडे जाणारच. तांब्याची शिवराई मात्र पेशवाईतही पाडली जात होती, त्यामुळे ती आजही जुन्या बाजारात सापडते.

‘आजोबांच्या पेटीत होन मिळाला, विकायचा आहे’ असे फोटो सतत फिरतात. त्यातले बहुतेक नकली. ठिपके फार एकसारखे आणि अक्षरं गुळगुळीत, साच्यातून ओतल्यासारखी दिसली, की पैसे काढण्याआधी एखाद्या जाणकाराला दाखवा.