सतराव्या वर्षी डबल बास: आधी कान, मग वाद्य

ताई, सप्रेम नमस्कार.

बारावीतला तुमचा मुलगा तीन वर्षं बास गिटार वाजवतोय आणि आता त्याला डबल बास (व्हायोलिनसारखं दिसणारं, पण माणसाएवढं उंच, खर्जातलं तंतुवाद्य) शिकून जॅझमध्ये उतरायचंय. सतराव्या वर्षी नवं वाद्य धरायला उशीर झाला का आणि वाद्य आत्ताच घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

उशीर झालेला नाही. जॅझमधला नावाजलेला बासवादक स्कॉट लाफारो शाळेत असताना सॅक्सोफोन वाजवायचा. कॉलेजात संगीतशिक्षणाच्या विद्यार्थ्याला एक तंतुवाद्य शिकावंच लागे, म्हणून अठराव्या वर्षी त्याने डबल बास हातात घेतला. २५ जून १९६१ ला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये तो पियानोवादक बिल इव्हान्सच्या त्रयीत वाजवत होता. ते ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. बास पियानोशी बरोबरीने बोलतो, मध्येच त्याचं वाक्य तोडतो, पुन्हा सांधूनही देतो. त्यानंतर अकराच दिवसांनी मोटार अपघातात लाफारो गेला, अवघ्या पंचविसाव्या वर्षी. मला ते ऐकताना अजूनही गलबलून येतं.

पण मुलाने ऐकायला सुरुवात बासवादक पॉल चेंबर्सपासून करावी. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममधली पहिलीच रचना, ‘सो व्हॉट’. तिचा मुखडा बास वाजवतो आणि पियानो दोन कॉर्डमध्ये (कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे अनेक स्वर) उत्तर देतो. मग तेच उत्तर ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन उचलतात. पुढे एकेकाचे सोलो रंगतात तेव्हा चेंबर्स मात्रेमात्रेला एक स्वर टाकत चालत राहतो. याला ‘वॉकिंग’ म्हणतात. तबल्याचा ठेका धरून ठेवणं किती जबाबदारीचं असतं, हे तुम्ही जाणताच. इथे ठेक्याबरोबर कॉर्डही सांभाळायची असते.

हे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू देऊ नका. बासच्या सर्वात जाड तारेचा सूर साधारण ४१ हर्ट्झचा. त्या स्पीकरमधून तो निघतच नाही. बरे हेडफोन घेऊन द्या, सध्या एवढाच खर्च करा.

मग बासवादक जिमी ब्लँटन. १९३९ मध्ये तो ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ वाद्यवृंदात आला आणि १९४२ मध्ये, २३ व्या वर्षी, क्षयाने गेला. बासवर स्वतंत्र सोलो वाजवता येतो, हे पुढच्या पिढीला त्याच्याकडूनच कळलं. चार्ल्स मिंगसकडून बासवादकाने अख्खा वाद्यमेळ कसा चालवावा ते ऐकावं. आणि तुम्हाला पोटापाण्याची काळजी आहे, म्हणून रॉन कार्टर: आधी चेलो (बासहून लहान, गजाने वाजवायचं वाद्य), मग बास, रीतसर संगीताची पदवी आणि पुढे दोन हजारांहून जास्त ध्वनिमुद्रणं. त्यातली बहुतेक दुसऱ्यांच्या नावावरची आहेत. साथीला विश्वासाचा माणूस म्हणून बोलावणं येत राहणं, हेच या पेशातलं काम.

आपल्याकडे नुसत्या जॅझवर घर चालवणं कठीण आहे, हे त्याला स्पष्ट सांगा. म्हणून गजाने वाजवणं पहिल्या दिवसापासून शिकायला हवं. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रातल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासारख्या पाश्चात्त्य शास्त्रीय वाद्यवृंदात त्याशिवाय उभं राहता येत नाही. हातही नव्याने बसवावा लागेल. बास गिटारची तार सुमारे ८६ सेंटिमीटर, डबल बासची १०५ च्या आसपास, आणि पडदे नाहीत. सूर कानानेच शोधायचा.

त्यामुळे वाद्य इतक्यात घेऊ नका. तीन महिने ऐकू द्या. मग ‘सो व्हॉट’ लावा, सोलो सुरू झाला की त्याला चेंबर्सची चाल तोंडाने म्हणायला सांगा, आणि दोन मिनिटं तरी त्याला ती धरून ठेवता आली का, ते मला कळवा.