सातबाऱ्यावरची सव्वीस नावं

एकतीस वर्षं मी बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर काढली, त्यातली बावीस देवगड, मालवण आणि राजापूर तालुक्यांतल्या शाखांत. समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसांनी मला जे शिकवलं आणि जगातल्या मोठ्या अर्थतज्ज्ञांनी जे लिहून ठेवलं, त्यांची गाठ घालून द्यावी म्हणून हे सदर लिहिते. गेल्या तीन अंकांत जॉर्ज अकेरलॉफ, एलिनॉर ऑस्ट्रॉम आणि मुहम्मद युनूस यांच्या विचारांची ओळख करून दिली. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत. राजापूरच्या पत्राला जास्त जागा दिली, कारण तीच व्यथा सांगणारी आणखी अकरा पत्रं माझ्या टेबलावर आहेत.

प्रश्न : ताई, माझी साठ कलमं आहेत. फवारणी वेळेवर करतो, आंबा झेल्यानेच (जाळी लावलेल्या काठीने) काढतो. पण वाशीच्या बाजारातून दलालाची पट्टी (विक्रीचा हिशेब) येते ती कर्नाटकच्या आंब्याच्या जवळपासच्या भावाची. अकेरलॉफ सांगतात तसा चांगला माल बाजारातून हटणारच असेल, तर मी एवढा खर्च का करावा? (एक बागायतदार, देवगड तालुका)

दादा, अकेरलॉफ १९६७-६८ मध्ये वर्षभर दिल्लीत होते. बाजारातल्या तांदळात त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि घरातली बाई ते निवडत बसते, हे १९७० साली आलेल्या त्यांच्या लेखात आहे. तीन नियतकालिकांनी तो लेख नाकारला होता. पुढे २००१ साली त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. लेखातला मुख्य दाखला जुन्या मोटारींचा आहे. गाडीतला दोष विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मधला भाव लावतो. त्या भावात चांगली गाडी विकायला कोणी काढत नाही आणि बाजारात उरतात त्या खटारा.

हापूसचं तर याहून कठीण. साका बाहेरून दिसत नाही. साल केशरी, वास घमघमाट, आणि सुरी घातली की कोयीभोवती तो पांढरट, रबरासारखा गर. ते तुम्हालाही आधी कळत नाही. पण आंबा भर दुपारी काढून तापलेल्या कातळावर टाकला होता की सकाळी काढून सावलीत ठेवला होता, हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. वाशीच्या गिऱ्हाइकाला ते कळायला मार्गच नाही. तुमच्या मेहनतीचा भाव तिथेच बुडतो.

उपायही त्याच लेखात आहेत : हमी आणि नाव. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर एवढ्याच जिल्ह्यांतला आंबा ते नाव लावू शकतो. तुम्ही त्यात नोंदणी केली नसेल तर या हंगामाआधी करा. पण मानांकन तुमच्या शेजाऱ्यालाही मिळतं, हमी मात्र तुमची एकट्याची. माझ्या माहितीतले एक बागायतदार प्रत्येक पेटीत चिठ्ठी घालतात. तिच्यावर काढणीची तारीख, बागेचं नाव, फोन नंबर आणि एक ओळ : साका निघाला तर फोटो पाठवा, तेवढे आंबे पुढच्या पेटीत देऊ. ज्याच्या आंब्यात साका फार निघतो त्याला ही ओळ परवडणार नाही. म्हणून तिच्यावर विश्वास बसतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. दिवाळीच्या सुमारास दलालाकडून उचल घेतली असेल तर हे सगळं पुढच्या वर्षासाठी. उचल फिटेपर्यंत पेटी त्याच्याकडेच जाणार आणि भावही तोच सांगणार. साठ कलमांच्या फवारणीपुरतं पीककर्ज बँकेतून मिळतं, त्यासाठी पावसाळ्यातच अर्ज करा.

प्रश्न : मॅडम, गावातली माणसं सामाईक गोष्टी शहाणपणाने सांभाळू शकतात, असं ऑस्ट्रॉमबाईंनी दाखवलं म्हणता. आमच्या आजोबांच्या नावावरची बाग आज सव्वीस जणांच्या नावावर आहे. त्यातले सात वारले. बाकीचे मुंबई, कल्याण, बडोद्याला. मी एकटाच गावात आहे. बँकेने कर्ज नाकारलं, कुंपणही घालता येत नाही. आमच्यात शहाणपण नाही असं समजायचं का? (एक वाचक, राजापूर तालुका)

नाही हो भाऊ, तसं अजिबात समजू नका. अशी प्रकरणं मी स्वतः परत केली आहेत. "सर्व सहहिस्सेदारांची संमती आवश्यक" असा शेरा मारताना समोरचा माणूस कागदांची पिशवी आवळून कसा उठतो, ते मी पाहिलं आहे. नियमाने माझा शेरा बरोबर होता, आणि तरी ती बाग आणखी एक वर्ष गवतात गेली.

आधी ऑस्ट्रॉम काय म्हणतात ते पाहू. १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी मांडलं होतं की सामाईक कुरणाची शेवटी नासाडीच होते, कारण जो तो आपलं जनावर वाढवतो. ऑस्ट्रॉम यांनी जगभरची कुरणं, कालवे, जंगलं आणि मासेमारीची गावं अभ्यासून दाखवलं की असं व्हायलाच हवं असं काही नाही. २००९ साली त्यांना नोबेल मिळालं. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. त्यांच्या पुस्तकात तुर्कस्तानातल्या अलान्या बंदराची हकीकत आहे. तिथे चांगल्या जागेवरून मच्छीमारांत मारामाऱ्या होत. मग त्यांनी मासेमारीच्या जागांची नावानिशी यादी केली आणि दर सप्टेंबरला चिठ्ठ्या टाकायला सुरुवात केली. ज्याला जी जागा निघेल तिथून त्याने रोज एक जागा पूर्वेला सरकायचं, जानेवारीनंतर पश्चिमेला. चांगली जागा प्रत्येकाला मिळते. आज आपली पाळी असताना तिथे दुसरा कोणी बसला तर ते पाहायला आपण हजर असतोच, वेगळा पहारेकरी लागत नाही.

हे वाचताना मला मालवणची रापण आठवली. होडी अर्धवर्तुळात जाळं टाकून येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर माणसं ओढतात. तासाभराने जाळ्याची पिशवी फेसात येते, तारली आणि बांगडे उड्या मारत असतात. मग वाळूवरच वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. दोराला हात लावलेल्या पोराच्या टोपीतही चार मासे पडतात. कोण आला, कोण नाही, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं. आलेल्याला मिळतं. हिशेब उद्यावर जात नाही.

आता तुमचा सातबारा या वाळूशेजारी ठेवून बघा. त्यावर न येणाऱ्याचं नाव आहे, वारलेल्याचं आहे, आणि येणाऱ्याला म्हणजे तुम्हाला जास्त काही मिळत नाही. वाटे कधी पडलेच नाहीत. ही सामाईकपणाची दुसरीच जात आहे. मायकल हेलर या अमेरिकन कायदेतज्ज्ञाने १९९८ साली तिच्यावर लिहिलं. सोव्हिएत राजवट गेल्यानंतरच्या मॉस्कोत त्यांना दुकानं रिकामी दिसत आणि त्याच दुकानांसमोर फुटपाथवरच्या टपऱ्या मालाने भरलेल्या. कारण एकेका दुकानावर अनेकांचे हक्क होते. विकायचा एकाचा, भाड्याने द्यायचा दुसऱ्याचा, उत्पन्न तिसऱ्याचं. "नको" म्हणायची ताकद प्रत्येकाकडे, "हो" म्हणायची एकाकडेही नाही. कुरण जास्त चरून संपतं. असं दुकान किंवा अशी बाग कोणी न वापरल्याने संपते. आपल्याकडे रस्त्याकडेला आंब्यांची टपरी आणि मागे वाडीत पुरुषभर गवत असतं ना, तेच हे.

आता करायचं काय ते सांगते. पहिलं काम वारस नोंदीचं. सात मृत्यूंचे दाखले आणि वंशावळ तयार करून तलाठ्याकडे अर्ज करा आणि फेरफार होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. नावं सव्वीसची चाळीस होतील. होऊ द्या. जिवंत माणसाची सही मिळू शकते.

त्यानंतर लोक धावतात वाटपाकडे. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून वाटप होतं, तो तुमचा हक्क आहे. पण तुमच्या पत्रात बाग पंचाऐंशी कलमांची म्हटली आहे. चाळीस जणांत ती वाटली तर माणशी दोन कलमं येतात. दोन कलमांना कोण कुंपण घालणार, कोण राखणदार ठेवणार? माझं मत असं, की मालकी सामाईक राहू द्या, वहिवाट एकाकडे द्या. सगळ्या सहहिस्सेदारांनी मिळून तुम्हाला दहा-पंधरा वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा करून द्यायचा. त्यात स्पष्ट लिहा : खर्च वजा जाता उरलेल्यातला किती भाग कसणाऱ्याचा, किती बाकीच्यांचा, हिशेब दरवर्षी कोणत्या तारखेला, आणि तो कोण तपासणार. तपासणारा मुंबईकरांपैकीच एक नेमा. कर्जासाठीचं संमतीपत्रही त्याच वेळी घ्या. कागद वकिलाकडून करून घ्या, स्टॅम्पवर घरच्या घरी लिहू नका.

हे बोलणं चतुर्थीला करू, सगळे येतात तेव्हा, असं प्रत्येक जण म्हणतो. आरतीनंतर विषय निघतो, जुनी उणीदुणी निघतात, आणि विसर्जनाआधी अर्धे जण परतीच्या गाडीत बसतात. मसुदा जुलैतच प्रत्येकाला टपालाने पाठवा. चतुर्थीला फक्त सह्या.

आणि बहिणींबद्दल. तुमच्या यादीत नऊ आत्या आणि बहिणी आहेत, त्यांच्याकडून हक्कसोड घेऊन "नावं कमी करू" असं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय. भाऊ, हे करू नका. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क हा २००५ पासून देशभराचा कायदा आहे, महाराष्ट्रात तर १९९४ पासून पाऊल पडलं होतं. माझ्या आईने १९७८ साली मामांना हक्कसोडपत्र करून दिलं. तालुक्याच्या कचेरीबाहेर पिंपळाच्या पारावर बसून तिने सही केली, मी शेजारी उभी होते. घरी परत येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. त्यानंतर दर मे महिन्यात माहेरून एक पेटी यायची. आजी गेली आणि ती बंद झाली. आई कधी मागायला गेली नाही, पण जूनपर्यंत एसटी स्टँडवरून कोणी निरोप घेऊन येतंय का, ते बघायची. तुमच्या बहिणींचा वाटा भाडेपट्ट्यात इतरांइतकाच लिहा. सही करायला त्या सगळ्यांच्या आधी येतील.

प्रश्न : मी महाडला बारावीत आहे. मला अर्थशास्त्र घ्यायचं आहे. आपल्या कोकणातलं कोणी या क्षेत्रात मोठं झालं आहे का? (एक विद्यार्थिनी)

तुझ्या महाडजवळच्याच नाते गावी १८९६ साली चिंतामणराव देशमुखांचा जन्म झाला. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९४४ च्या ब्रेटन वूड्स परिषदेला, जिथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांची आखणी झाली, भारताच्या शिष्टमंडळात ते होते. पुढे अर्थमंत्री झाले आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेर पडले. आणि मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. त्यांचा १९१८ चा लहान शेतजमिनींवरचा निबंध तू आत्ताच वाच. जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, तिच्यावर किती भांडवल आणि श्रम लागतात त्यावर ठरतं, असं ते त्यात मांडतात. १९३७ साली खोती, म्हणजे खोतांची जमीनदारी, रद्द करण्याचं विधेयक त्यांनी मुंबई विधिमंडळात मांडलं. दोन्ही एकत्र वाचलंस की तुझ्या गावची शेतं तुला वेगळी दिसतील. कॉलेज कोणतं निवडावं याचं उत्तर तुला वेगळ्या पत्राने पाठवते.

प्रश्न : ताई, आमच्या वाडीत दर आठवड्याला गटाला कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस वसुलीला येतो. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा. तुम्ही युनूस यांचं कौतुक केलंत ते हेच का? बारा टक्के व्याज म्हणतात, ते बरोबर आहे का? (एक मासेविक्रेती, वेंगुर्ले तालुका)

पुढे ग्रामीण बँक काढणाऱ्या युनूस यांनी १९७६ साली बांगलादेशातल्या जोबरा गावात ४२ जणांना मिळून २७ डॉलर स्वतःच्या खिशातून दिले, तिथून ती गोष्ट सुरू झाली. तुमच्या दारात येणारी पद्धत त्यातूनच निघाली, पण बचत गट वेगळा. नाबार्डने १९९२ साली ५०० गट बँकांना जोडून जो प्रयोग सुरू केला, त्यात आधी तुमची बचत असते आणि गटातल्या कर्जाचं व्याज गटातच राहतं. कंपनीचं व्याज कंपनीकडे जातं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या वस्त्यांत अशा कर्जांचा अभ्यास केला. ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांना मदत झाली, पण घरखर्चात किंवा बायकांच्या घरातल्या अधिकारात मोठा फरक दिसला नाही. तुमचा धंदा चालू आहे, तेव्हा कर्ज वाईटच असं मी म्हणणार नाही.

बारा टक्क्यांचं मात्र बघूया. वीस हजार घेतले, वर्षाचं व्याज २,४०० धरून २२,४०० चे बारा मासिक हप्ते केले, तर महिना १,८६७ होतात. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं आणि व्याज मात्र पूर्ण वीस हजारांवर घेतलेलं असतं. खरा दर पडतो सुमारे साडेएकवीस टक्के. साप्ताहिक हप्त्यांचाही हिशेब याच वळणाचा.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे खरा वार्षिक दर लिहिलेला कागद तुम्हाला कळणाऱ्या भाषेत द्यावाच लागतो. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाता कामा नयेत. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड घेता येत नाही. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीला यायचं नाही, दमदाटी तर मुळीच नाही.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि तुमची टोपली रिकामी, पण हप्ता थांबत नाही. म्हणून नवीन कर्ज घ्यायचंच झालं तर नारळी पौर्णिमा झाल्यावर घ्या आणि मे अखेरीला संपेल अशीच मुदत मागा. हातात आहे त्या कर्जाचा कागद मला मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, किती व्याज जातंय ते मांडून मी तुम्हाला उलट टपाली कळवते.