टीआरएनएमधले बेस नंतर बदलतं कोण, आणि त्याने फरक काय पडतो?

टीआरएनए म्हणजे प्रथिन बनत असताना अमिनो आम्लं वाहून आणणारा आरएनए रेणू. डीएनएवरून नक्कल होऊन तयार होतो तेव्हा त्यात ए, यू, जी, सी हे चारच बेस, म्हणजे त्याची 'अक्षरं', असतात. पुढचे बदल वेगवेगळी एन्झाइम्स करतात, आणि बहुतेकांची जागा ठरलेली असते. मिथाइलट्रान्स्फरेझ बेसवर किंवा त्याला जोडलेल्या रायबोज साखरेवर मिथाइल गट बसवतं. स्यूडोयुरिडिन सिंथेझ युरॅसिल सुटं करतं, फिरवतं आणि कार्बन-कार्बन बंधाने परत जोडतं. बाहेरून काहीच घालावं लागत नाही. अशा बदलांनी रेणूची घडी पक्की होते.

खरी कमाल ३४व्या जागेवर आहे, म्हणजे अँटिकोडॉनच्या पहिल्या बेसवर. अँटिकोडॉन म्हणजे टीआरएनएवरचे ते तीन बेस, जे संदेशवाहक आरएनएवरच्या तीन बेसच्या शब्दाशी, म्हणजे कोडॉनशी, जोडी जमवून तो वाचतात. काही टीआरएनएंमध्ये तिथल्या 'ए'चा अमिनो गट डीअमिनेझ काढून टाकतं आणि इनोसिन तयार होतं. ते यू, सी आणि ए या तिन्हींशी जोडी जमवू शकतं, त्यामुळे एकच टीआरएनए अनेक कोडॉन वाचतो.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते जिवाणूंमधलं टिलएस हे एन्झाइम. ते एका टीआरएनएच्या ३४व्या 'सी'ला चक्क लायसिन हे अमिनो आम्ल जोडतं. एवढ्या एका बदलाने तो टीआरएनए एयूजी या कोडॉनऐवजी एयूए वाचू लागतो, आणि त्याच्यावर मेथिओनिनऐवजी आयसोल्यूसिन चढवलं जातं. वाचलेला कोडॉन आणि वाहिलेलं अमिनो आम्ल, दोन्ही एकदम बदलतात! ई. कोलाय या जिवाणूला टिलएसशिवाय जगताच येत नाही.