नऊ वर्षांच्या कुत्र्याला आता काही शिकवता येईल का?

तासगावजवळच्या मळ्यात आजवर राखणीला असलेला, मामांचा नऊ वर्षांचा कुत्रा आता आपल्या सांगलीतील फ्लॅटमध्ये राहायला आला आहे. तो हाकेला येत नाही, फिरायला नेले की पट्टा ओढतो, आणि घरातील मोठी माणसे ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ असे म्हणतात, तेव्हा त्याला बसणे, येणे, हात देणे शिकवण्यात अर्थ आहे का, असे आपण विचारले आहे. अर्थ निश्चित आहे. मी उतारवयातील कुत्रे सांभाळले आहेत आणि त्यांना शिकवलेही आहे, त्यामुळे हे खात्रीने सांगतो.

व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातील संशोधकांनी पाच महिन्यांपासून तेरा वर्षांपर्यंतच्या 95 बॉर्डर कोली कुत्र्यांना टचस्क्रीनवरील चित्रे ओळखायला शिकवली होती. हा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. वयस्कर कुत्र्यांना नवे शिकायला अधिक सराव लागला आणि एकदा पक्की झालेली समजूत बदलणे त्यांना जड गेले, हे खरे. पण सहा महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हा सर्व वयांच्या कुत्र्यांना शिकलेले आठवत होते. त्यामुळे आपल्याला वेळ अधिक द्यावा लागेल, परंतु तो वाया जाणार नाही.

शिकवणी सुरू करण्यापूर्वी मात्र त्याचे शरीर तपासून घ्यावे, आणि ही गोष्ट मी सर्वांत महत्त्वाची मानतो. म्हातारा कुत्रा ‘ऐकत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याला ऐकूच येत नसते. त्याचे लक्ष दुसरीकडे असताना मागून किल्ल्यांचा जुडगा वाजवून पाहा. कान हललेच नाहीत तर पशुवैद्यकाला दाखवा आणि शिकवणी पहिल्यापासून हाताच्या खुणांनीच करा. शब्द व खूण दोन्ही शिकवलेला कुत्रा पुढे ठार बहिरा झाला तरी संवाद तुटत नाही. डोळ्यांवर वयाने येणारी निळसर झाक दर वेळी मोतीबिंदूच असते असे नाही, परंतु तेही तपासून घेणे बरे. मागच्या पायांच्या सांध्यांत दुखणे असेल तर ‘बस’ ही आज्ञा त्याच्यासाठी वेदना ठरते. अशा कुत्र्याला उभ्यानेच ‘थांब’ शिकवावे. त्याच्या कमरेवर दाब देऊन त्याला कधीही बसवू नये. मळ्यातील मातीची सवय असलेले त्याचे पाय गुळगुळीत फरशीवर घसरतात, म्हणून सरावाच्या जागी सतरंजी अंथरावी.

हाकेला न येण्याचे कारण बहुधा त्याच्या आधीच्या आयुष्यात आहे. राखणीच्या कुत्र्याला दिवस उजाडला की साखळीला बांधण्यासाठी हाक मारतात, त्यामुळे ‘ये’ म्हणजे मोकळेपणा संपला, हे तो वर्षानुवर्षे शिकलेला असतो. ती समजूत पुसत बसण्यापेक्षा नवा शब्द किंवा नवी खूण घ्यावी. मी तळहात पुढे धरून त्याला नाक लावायला शिकवतो. कुत्रा कुतूहलाने हात हुंगतो, नाक टेकताच ‘शाबास’ म्हणावे आणि लगेच, म्हणजे सेकंदाभरातच, खाऊ द्यावा. उशीर झाला तर बक्षीस कशाचे मिळाले हे त्याला कळत नाही. मग हात थोडा दूर, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला. हे जमल्यावर हाकेला येणे वेगळे शिकवावे लागत नाही. या खुणेने बोलावून त्याला कधीही रागावू नये, बांधू नये, औषधही पाजू नये.

पट्ट्यासाठी गळ्याऐवजी छातीवरचा हार्नेस वापरावा. पट्टा ताणला की आपण जागीच उभे राहायचे, सैल झाला की चालायचे. घरातील प्रत्येकाने हाच नियम पाळला तरच तो टिकतो. उन्हाळ्यात सांगलीचे डांबरी रस्ते सकाळीच तापू लागतात, म्हणून हा सराव उजाडताच करावा.

प्रत्येक सराव तीन-चार मिनिटांचा, जेवणापूर्वी, दिवसातून दोनदा पुरेसा आहे. खाऊ म्हणून उकडलेल्या चिकनचे किंवा अंड्याचे वाटाण्याएवढे तुकडे द्यावेत आणि तेवढे जेवण कमी करावे, कारण वाढलेल्या वजनाचा भार सांध्यांवरच येतो. आपल्या भागात घरोघरी बेदाणे असतात आणि ते हाताशी असल्याने दिले जातात. ते मुळीच देऊ नयेत. द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्याने होईल याचा अंदाज बांधता येत नाही. मळ्यात पडलेली द्राक्षे खाऊनही त्याला काही झाले नाही, या अनुभवावर विसंबू नये.

हात देणे अवश्य शिकवा, मात्र पुढच्या पायांत लंगडेपणा नसेल तरच. त्याहूनही मी हुंगण्याचे खेळ सुचवेन. कान-डोळे मंदावले तरी नाक बराच काळ साथ देते, आणि जन्मभर मळा राखलेल्या कुत्र्याला फ्लॅटमध्ये सर्वांत उणे जाणवते ते काम. एका डब्याखाली खाऊ लपवावा, मग तीन डब्यांपैकी एकाखाली, मग पडद्यामागे, आणि ‘शोध’ म्हणावे. पंधरा मिनिटे असे शोधकाम केलेला कुत्रा समाधानाने झोपतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

तो कोपऱ्यात अडकून उभा राहू लागला, रात्री जागून दिवसा झोपू लागला किंवा स्वच्छतेची सवय असूनही घरात लघवी करू लागला, तर ती शिस्तीची बाब समजू नका; वार्धक्यातील मेंदूच्या विकाराची ती लक्षणे असू शकतात, तशीच मूत्रपिंडाच्या किंवा अन्य आजाराचीही. तेव्हा शिकवणी थांबवून पशुवैद्यकाकडे जावे. सखोल तपासणीची गरज पडल्यास सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्या डॉक्टरांना त्याविषयी विचारता येईल.